साफसफाई असं लिहिलेली दुरुस्ती

रादोमीर कुचीरेक ब्रनोच्या ट्रॅक्टर कारखान्यात फिटर होता, तेव्हा त्याच्या खिशात कायम एक पितळी कुलूप असायचं. मशीन उघडायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला ते कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मगच आत हात घालायचा, अशी त्याची पद्धत. शेजारचा फिटर नुसताच स्विचकडे बघायचा, बंद दिसला की वळसा घालून मशीनच्या मागे जायचा. एकदा तो मागे पोचून आत हात घालतो तोवर पुढून कोणीतरी स्विच चालू केला आणि त्याची बोटं गेली. रादोमीर नव्या माणसांना सांगायचा, "बघितलं म्हणजे काम झालं असं नाही. तू बघून वळलास की ते बघणं शिळं झालं."

नव्वदच्या दशकात कारखान्यानं निम्मी माणसं कमी केली. रादोमीर त्यात गेला. रोजगार कचेरीनं कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता, तिथे तो जाऊन बसला. घरी बसून ब्लाझेनाच्या पायात पायात येण्यापेक्षा ते बरं होतं. ब्लाझेना त्याची बायको. ती शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची आणि घरी आल्यावर तिला पुरुषमाणूस खुर्चीत बसलेला आवडायचा नाही.

वर्गातल्या काळ्या पडद्यावर चित्रं नव्हती. हुकूम टाइप करायचा, मशीन तो पाळायचं. चुकीचा टाइप केला तर चुकीचा पाळायचं. रादोमीरला हे पटलं. लेथही असंच वागायचं. पुढे त्याला एका तांत्रिक महाविद्यालयात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली. एकाच मोठ्या मशीनवर सगळे विद्यार्थी आणि मास्तर काम करायचे आणि आपापला कचरा मागे टाकून जायचे. तो पुसायचं काम रादोमीरचं. पुसायचा जो हुकूम मशीनबरोबर आला होता तो आंधळा होता. नाव दिलं की पुसून मोकळा. रादोमीरनं स्वतःचा लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'कोश्त्ये'. त्यांच्या भाषेत कोश्त्ये म्हणजे झाडू. हा झाडू आधी बघायचा: समोर आहे ते खरंच फोल्डर आहे का, कोणाचं आहे, जुनं झालंय का. मगच फिरायचा.

पुढे त्यात नक्कल करायचे, हलवायचे, मालक बदलायचे हुकूम आले. पुष्कळ वर्षांची मेहनत होती ती. त्यानं ते सगळं फुकट वाटलं, आणि देशभरातल्या महाविद्यालयांनी, संस्थांनी ते घेतलं. ते वापरणाऱ्यांचा वर्षातून एक मेळावा व्हायचा. तिथे रादोमीर उभा राहून दरवर्षी एक वाक्य बोलायचा, "कोश्त्येनं नको ते आजवर एकदाही पुसलेलं नाही." लोक टाळ्या वाजवायचे. ते वाक्य म्हणायला त्याला फार आवडायचं.

एका वसंतात त्याला ओलोमोउत्सहून फोन आला.

"कुचीरेकसाहेब, मी लुदमिला श्क्राबालोवा. इथल्या बोलीसंग्रह संस्थेचं मशीन मी सांभाळते."

"बोला बाई."

"तुमच्या कोश्त्येत एक फट आहे. चारचौघांत बोलायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"कसली फट?"

"ते फोल्डर बघतं. ठीक आहे म्हणतं. मग त्याच नावानं पुन्हा आत शिरतं आणि पुसतं. बघणं आणि शिरणं यांच्यामधे कोणी ते फोल्डर उचललं आणि तिथे पाटी लावली तर?"

पाटी म्हणजे काय हे रादोमीरला सांगायची गरज नव्हती. फोल्डरच्या जागी त्याच नावाची नुसती खूण ठेवता येते: सामान इथे नाही, तिकडे आहे. मशीन मुकाट तिकडे जातं. आणि कोश्त्ये चालवणाऱ्याकडे मशीनमधल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. त्यामुळे 'तिकडे' म्हणजे कुठेही, कोणाच्याही खोलीत.

"बाई, मधला वेळ केवढा असतो ठाऊक आहे का? पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात. तिथे नेम धरून कोण बसणार?"

"माणूस नाही बसणार. प्रोग्राम बसेल. त्याला जांभई येत नाही."

"इतकी वर्षं इतक्या मशीनवर चालतंय. कोणाची तक्रार नाही."

"म्हणूनच तक्रार नाही, फोन केलाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. रादोमीरला ते हसू झोंबलं.

त्याच दुपारी त्यानं कोश्त्ये वापरणाऱ्यांच्या चर्चागटात लिहिलं. तिनं गुपचूप सांगितलेलं त्यानंच उघड केलं: 'बघणं आणि पुसणं यांच्यामधे फट असल्याची शंका एका बाईंनी काढली आहे. अशी फट कागदावर असते. खऱ्या मशीनवर ती कोणाला गाठता येणार नाही. निश्चिंत वापरा.'

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्याला चैन पडेना. त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला: फोल्डर उचल, पाटी लाव, पाटी काढ, फोल्डर परत ठेव, आणि हेच करत राहा. शेजारी कोश्त्ये सोडलं. गॅसवर चहाची किटली ठेवली. किटली शिटी वाजवायच्या आत मशीनमधल्या दुसऱ्याच खोलीतलं, कधीही पुसायला न सांगितलेलं फोल्डर रिकामं झालं होतं.

तो पडद्याकडे बघत राहिला. किटली ओरडत होती.

"बहिरा झालास का?" ब्लाझेना आतून म्हणाली.

ज्या माणसानं आयुष्यभर कुलूप लावल्याशिवाय मशीनला हात लावला नाही, त्यानं स्विचकडे नुसतं बघून मागे जाणारं हत्यार लिहिलं होतं. आणि वर मेळाव्यात टाळ्या घेतल्या होत्या.

दुरुस्ती त्यानं चोख केली, यात शंका नाही. एका ओळीचं काम नव्हतं ते. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी. प्रत्येक ठिकाणी नावानं दुसऱ्यांदा हाक मारायची नाही. एकदा उघडलेलं दार हातात धरून ठेवायचं, जे बघितलं तेच हातात आहे अशी खात्री करायची आणि त्याच दारातून काम करायचं. मागून कोणी पाटी बदलली तर बदलू दे, आपला हात खऱ्या दारावर आहे. महाविद्यालयातलं काम संपवून तो रोज यावर बसायचा. नक्कल करणाऱ्या हुकुमातही तीच खोड निघाली, मालक बदलणाऱ्यातही. सगळीकडचं त्यानं काढलं. अंगचोरपणा केला नाही.

मग दुरुस्ती नोंदवायची वेळ आली.

या धंद्यात प्रत्येक बदलाबरोबर एक ओळ लिहायची असते: काय बदललं, कशासाठी. तिला फार किंमत असते. कारण बहुतेक संस्था जुनीच आवृत्ती चालवतात. चालत्या मशीनला कोणी हात लावत नाही. जुनी आवृत्ती सांभाळणारे लोक नव्या बदलांच्या ओळी चाळतात. 'फट बुजवली' असं दिसलं की तेवढा तुकडा उचलून जुन्यात बसवतात. बाकीचं सोडून देतात. रादोमीरला हे पान्याच्या नंबरासारखं पाठ होतं.

त्यानं लिहिलं, 'फट बुजवली. दाखवली श्क्राबालोवा बाईंनी.' वाचलं. आपलं 'निश्चिंत वापरा' आठवलं. मेळाव्यातलं वाक्य आठवलं. तिचं फोनवरचं हसू आठवलं. मग ओळ खोडली आणि तिथे एकच शब्द टाकला: 'साफसफाई.'

झाडूच्या कामात साफसफाई. कोणी विचारणार नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

शुक्रवारी बिअरला बसल्यावर बोहोउशनं विचारलं, "काय रे झाडूवाल्या, तोंड का वाकडं?" बोहोउश कारखान्यातला जुना सोबती. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"एक दुरुस्ती केली."

"मग बरं झालं की."

"नीट नोंदवली नाही."

"अरे, आपल्या फोरमननं जन्मात काही नीट नोंदवलं नाही. त्याला पेन्शन मिळतेय." बोहोउशनं व्हिनेगरमधलं सॉसेज काट्यानं उचललं. "खा. तुझं तोंड बघून बिअर कोमट होतेय."

रादोमीर हसला. पुढच्या वर्षी सगळे नवी आवृत्ती घेतीलच, असं त्यानं मनाला समजावलं. मन काही तितकंसं समजलं नाही. चर्चागटात कोणी नवा आला आणि कोश्त्येची स्तुती केली की तो पान खाली सरकवायचा.

शरदात लुदमिलाचा पुन्हा फोन आला. यावेळी तिच्या आवाजात हसू नव्हतं.

संस्थेतल्या ध्वनिमुद्रणांचं एक फोल्डर गेलं होतं. हाना भागातल्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपलेलं होतं, तो अख्खा उन्हाळा. दुसरी प्रत होती, पण ती उन्हाळ्याआधीची. त्या दिवशी लुदमिलानं कचऱ्याच्या फोल्डरवर संस्थेतलं जुन्या आवृत्तीचं कोश्त्ये चालवलं होतं आणि ध्वनिमुद्रणं त्याच वेळी गेली होती. हुकुमावर नाव तिचं. संस्थेचे प्रमुख, सहप्राध्यापक हेयदुक, म्हणाले, तुम्ही चुकीचं नाव टाइप केलंत.

"मी बरोबर टाइप केलं असं मला वाटतंय," ती म्हणाली. "पण आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती. झोप नव्हती. आता मलाच खात्री नाही."

रादोमीरनं खुर्ची ओढली. ती पुढे बोलत राहिली.

"एक विचारायचं होतं. कचऱ्याच्या फोल्डरशेजारी एक छोटा प्रोग्राम पडलेला सापडला. उन्हाळ्यात कामाला ठेवलेला एक माणूस होता, त्याच्या खात्यातला. त्याला पुढे ठेवला नाही म्हणून भांडून गेला होता तो. वाचून दाखवू?"

"वाचा."

"फोल्डरचं नाव बदल. त्या नावाची पाटी लाव. पाटी काढ. नाव परत..."

पुढचं त्यानं ऐकलं नाही. त्याला ते पाठ होतं. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच लिहिलं गेलं होतं.

"मला वसंतातलं ते आठवलं," लुदमिला म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणाला होता. तरी मी तुमच्या नव्या आवृत्तीच्या सगळ्या ओळी वाचल्या, एक-एक. फट बुजवल्याचं कुठे नाही. म्हणजे खरंच नव्हती. हेयदुकसाहेबांना मी त्या प्रोग्रामबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, बाई, आपली चूक झाडूवर ढकलू नका. सोमवारी मला बोलावलंय. राजीनामा द्या म्हणतील. देईन मी. फक्त तुम्ही एकदा सांगा, की हे शक्य नाही. मग मी शोधत बसायची थांबते."

"मी बघून सांगतो," रादोमीर म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. बघायचं काही राहिलेलं नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा तेच केलं होतं.

शनिवारी तो आणि ब्लाझेना जंगलातून आळंब्या घेऊन आले आणि स्वयंपाकघरात साफ करायला बसले. थोड्या वेळानं ब्लाझेनानं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"चांगल्या फेकतोयस आणि किडक्या ठेवतोयस. काय झालंय?"

त्यानं सांगितलं. सगळं, अगदी 'साफसफाई'पर्यंत. शेवटी तिनं विचारलं, "त्या बाईला माहीत नाही?"

"नाही."

"म्हणजे ती घरी बसणार, आणि तू इथे आळंब्या चिरणार?"

"ब्लाझेना, मी सांगितलं तर इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय? टाळ्या?" ती उठली आणि टोपली त्याच्यापुढून उचलून ओट्यावर ठेवली. "मला तुझी मदत नको. तू साफ करतोस ते मला परत बघावं लागतं."

सोमवारी सकाळी तो ओलोमोउत्सच्या गाडीत बसला. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण पुन्हा 'बघतो' म्हणू, अशी त्याला भीती होती.

हेयदुकच्या खोलीत लुदमिला कोट न काढताच बसली होती. पन्नाशीची, बुटकी बाई. रादोमीरनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. टेबलावर एक छापलेला कागद आणि पेन होतं.

"आपण कोण?" हेयदुकनं विचारलं.

"कुचीरेक. ब्रनोहून. कोश्त्ये माझं." तो उभाच राहिला. "बाईंनी हुकूम बरोबर लिहिला होता. चूक माझ्या हत्याराची. आणि ती मला माहीत होती."

हेयदुकनं चष्मा काढला. "कधीपासून?"

"यांनी फोन केला त्या दिवसापासून. संध्याकाळी मी घरी करून बघितलं."

"त्याच संध्याकाळी?" लुदमिलानं विचारलं.

"हो."

"गटात 'निश्चिंत वापरा' लिहिलंत, त्याच?"

"ते दुपारी लिहिलं होतं. संध्याकाळी कळलं. मग खोडलं नाही."

"आणि दुरुस्त केलं?"

"केलं. पूर्ण केलं."

"मग मी सगळ्या ओळी वाचल्या, त्यात..." ती थांबली. तिच्या डोळ्यांसमोरून ती पानं सरकत असावीत. "साफसफाई," ती म्हणाली.

"हो. तीच."

हेयदुक घसा खाकरून म्हणाला की मग हा विषय वेगळा होतो, कागद राहू दे. त्यानं कागद खणात टाकला. 'माझं चुकलं' असं काही तो म्हणाला नाही. लुदमिला उठून बाहेर गेली. रादोमीर तिच्या मागे गेला.

ती जिन्याजवळच्या खिडकीशी उभी होती.

"मी आईला काय सांगितलं माहितीय?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आई, माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. ती दवाखान्यात पडलेली, आणि तीच माझी समजूत काढतेय. गेले काही दिवस मी कुठलाही हुकूम तीन-तीनदा वाचते आणि तरी एन्टर दाबवत नाही. तुमच्या एका शब्दापायी, कुचीरेकसाहेब."

"माझी चूक आहे."

"ते आत सांगितलंत. ऐकलं मी." ती वळली. "प्शेरोवजवळ एक म्हातारी होती. भट्टीतल्या पावाबद्दल बोलली होती. तासभर. असे शब्द, की मी आयुष्यात ऐकले नव्हते. परत जाऊन टिपून घेऊ म्हटलं, तर ती सप्टेंबरात गेली. तिच्या घरच्यांना मी काय सांगू? साफसफाई?"

रादोमीर हात लोंबकळत ठेवून उभा होता. कारखान्यात बोटं गेलेला माणूस बाकावर बसला होता, तेव्हाही ज्यानं स्विच चालू केला तो असाच उभा राहिला होता. रादोमीरला तेव्हा त्याचा राग आला होता.

"आज संध्याकाळी लिहितो," तो म्हणाला. "सगळ्यांसाठी. काय झालं ते. आणि जुन्या आवृत्त्यांत दुरुस्ती मी स्वतः बसवतो, एक-एक करून. कोणावर सोडत नाही."

"पाठवायच्या आधी मला वाचून दाखवा."

"दाखवतो."

"तुमच्या लिहिण्यावर माझा विश्वास राहिला नाही म्हणून सांगतेय."

"कळलं."

घरी पोचल्यावर तो कोट काढून सरळ टेबलाशी बसला. ब्लाझेनानं लसणाचं सूप पुढे ठेवलं आणि काही न विचारता दुसऱ्या खोलीत गेली. मजकूर लहान होता, पण त्याला वेळ लागला. प्रत्येक वाक्यात स्वतःची थोडी बाजू राखायचा मोह व्हायचा. 'घाईत' असा एक शब्द आला होता, तो त्यानं काढला. घाई नव्हती. 'अनवधानानं' आला होता, तोही काढला. मग त्यानं फोन लावला आणि वाचलं.

"कोश्त्येत फट आहे. बघणं आणि पुसणं यांच्यामधे फोल्डर बदलून पाटी लावली, तर ते दुसऱ्याचं सामान पुसतं. लुदमिला श्क्राबालोवा यांनी ही फट वसंतात मला दाखवली. मी ती नाकारली. त्याच संध्याकाळी मला ती खरी असल्याचं कळलं. मी ती बुजवली आणि नोंदीत 'साफसफाई' असं लिहिलं, कारण मला चूक कबूल करायची नव्हती. त्यामुळे जुन्या आवृत्त्या उघड्या राहिल्या आणि श्क्राबालोवा यांच्या संस्थेची परत न मिळणारी ध्वनिमुद्रणं गेली. त्यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. कोश्त्येनं नको ते कधी पुसलं नाही, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी ती लगेच थांबवावी. श्क्राबालोवा बाईंचे मनापासून आभार. रादोमीर कुचीरेक."

"आभाराचं वाक्य काढा," लुदमिला म्हणाली.

"अहो, रीत आहे तशी. फट दाखवणाऱ्याचे आभार मानतात."

"ज्याचं ऐकलं त्याचे मानतात. माझं नाव राहू दे. आभार काढा."

त्यानं वाक्य खोडलं. "काढलं."

"आता परत वाचा. पहिल्यापासून."

त्यानं पहिल्यापासून वाचलं. या खेपेला तिनं काही काढायला सांगितलं नाही, आणि वाचून संपल्यावर फोन न ठेवता ती थांबली. त्यानं मजकूर पाठवला.

"गेला का?" तिनं विचारलं.

"गेला."

"थांबा. माझ्याकडे येऊ दे," ती म्हणाली.